धातूला विजेचे माप लावणारा लोहारपुत्र

नळाच्या तोटीवरील चकाकी, दागिन्यावर चढविलेले सोन्याचे पाणी आणि संगणकाच्या चिपमधील तांब्याच्या सूक्ष्म वाहिन्या यांच्यामागे एकच क्रिया आहे. धातूच्या क्षाराचे द्रावण घेऊन त्यातून वीज सोडली, की त्या धातूचा पातळ थर दुसऱ्या वस्तूवर बसतो. यालाच विद्युत विलेपन म्हणतात. किती विजेने किती धातू बसेल, याचा नियमबद्ध हिशेब मांडला तो मायकेल फॅरेडे यांनी. विशेष म्हणजे, त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते झाले होते आणि उच्च गणित त्यांना कधीच अवगत झाले नाही.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांची कमाई तुटपुंजी होती. चौदाव्या वर्षी मायकेल एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीस लागले आणि बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचू लागले. १८१२ मध्ये एका ग्राहकाने त्यांना सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. फॅरेडे यांनी त्या व्याख्यानांची सुमारे तीनशे पानी टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. १ मार्च १८१३ रोजी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचे साहाय्यक झाले.

डेव्ही यांनी १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम हे धातू वेगळे केले होते. त्यांच्यासोबत १८१३ ते १८१५ या काळात केलेल्या युरोपच्या दौऱ्यात फॅरेडे यांना व्होल्टा, अँपियर यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटले. पण याच दौऱ्यात त्यांना नोकराची कामेही करावी लागली. पुढे शिष्याची कीर्ती वाढू लागली तसे गुरूचे मन कलुषित झाले. रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून फॅरेडे यांचे नाव पुढे आले, तेव्हा तिचे अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. १८२४ मध्ये निवड मात्र झाली. फॅरेडे यांनी गुरूविषयीचा आदर अखेरपर्यंत जपला.

डेव्ही १८२९ मध्ये निवर्तले. त्यांच्याच क्षेत्रातील कळीचा प्रश्न फॅरेडे यांनी १८३२ ते १८३४ या काळात सोडविला. एकाच विद्युतमार्गावर त्यांनी लहान-मोठ्या पट्ट्यांची, सौम्य-तीव्र आम्लाची पात्रे जोडली. प्रत्येक पात्रात तेवढाच वायू निर्माण झाला. म्हणजे परिणाम अवलंबून होता तो केवळ वाहिलेल्या एकूण विजेवर. आजच्या मापात सांगायचे तर ९६,४८५ कूलंब वीज सुमारे १०८ ग्रॅम चांदी किंवा ३१.८ ग्रॅम तांबे बसविते. इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्दही त्यांनी विद्वान स्नेह्यांच्या मदतीने १८३४ मध्ये रूढ केले.

त्याआधी, १८३१ मध्ये, त्यांनी चुंबकापासून वीज मिळविली होती. त्याच तत्त्वावरील यंत्र १८४४ मध्ये बर्मिंगहॅम येथे मुलामा देण्यासाठी चालू लागले. प्रयोगशाळेतील शोध कारखान्यात पोहोचला.

फॅरेडे यांचा नियम धातू किती बसेल ते सांगतो. कसा बसेल ते सांगत नाही. पुढील पिढ्यांनी हा दुसरा प्रश्न हाती घेतला. वीज अखंड वाहिली, तर पृष्ठभागालगतचे आयन कमी होत जातात आणि आधी रुजलेले स्फटिकच वाढत राहतात. तीच वीज काही सहस्रांश सेकंदांच्या जोरदार स्पंदांनी सोडली, तर प्रत्येक स्पंदात नवे स्फटिक रुजतात आणि मधल्या विरामात आयनांची भरपाई होते. स्पंदाचा जोर, कालावधी आणि विराम बदलून स्फटिकांचा आकार व दिशा बदलता येते. त्यासरशी थराचा कठीणपणा, चकाकी आणि झिजेला तोंड देण्याची शक्तीही बदलते. २००४ मध्ये चीनमधील शेनयांगच्या संशोधकांनी याच पद्धतीने नेहमीच्या तांब्याच्या सुमारे दहापट बळकट, तरीही जवळजवळ तितकेच सुवाहक तांबे तयार केले. बसलेल्या तांब्याचा हिशेब मात्र आजही फॅरेडे यांच्याच नियमाने होतो.

वीज मोजणाऱ्या या माणसाने मानसन्मानाचा मोह धरला नाही. ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. उतारवयात स्मृती साथ सोडत गेली आणि प्रयोग थांबले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर कोणतीही पदवी नाही. आहे ते केवळ नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.