अंगणवाडीच्या बाई घडवणाऱ्या ताराबाई मोडक

गिरड (ता. समुद्रपूर) : गिरड असो की आजूबाजूचं कोणतंही खेडं, अंगणवाडी माहीत नाही असं घर सापडणार नाही. मायबाप वावरात निघाले की तीन-चार वर्षांची लेकरं अंगणवाडीत जाऊन बसतात. पण खेड्यातल्या गरिबाच्या लेकरालाही शाळेआधीचं शिक्षण मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी आधी शिकवणारी बाई तयार केली पाहिजे, हे महाराष्ट्रात ज्यांनी करून दाखवलं त्या ताराबाई मोडक यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेर केळकरांचं, घरात प्रार्थना समाजाचं वळण. मुली चौथीपर्यंत शिकल्या तरी खूप, अशा त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. पती मोडक तिथे वकील होते. पण हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महिला कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन परमुलखात नोकरी करणं सोपं नव्हतं.

राजकोटहून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. मार नाही, धाक नाही, पाठांतराची सक्ती नाही. मूल हाताने काम करत, वस्तू हाताळत शिकतं, अशी ही पद्धत. पण ही पद्धत चालवायची तर जुन्या वळणाचा मास्तर चालत नाही, हे दोघांनाही लवकरच कळलं. म्हणून बालमंदिराला जोडून शिक्षक तयार करण्याचं काम सुरू झालं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई महाराष्ट्रात परतल्या. मराठी 'शिक्षणपत्रिका' त्यांनी चालवली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार उभा केला. तिथेही बालशाळेसोबत शिक्षिकांचं शिक्षण होतंच.

खुद्द मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि मद्रासच्या अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. पण त्यांची साधनं महागडी, शहरातल्या शाळेलाच परवडणारी. खेड्याचं काय, हा प्रश्न राहिलाच.

या प्रश्नाचा आपल्या वर्धा जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम ठरली, ती ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. सात वर्षांच्या आतलं लेकरू त्यात नव्हतं. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत हा विचार वाढला आणि शाळेआधीचं वयही नई तालीममध्ये आलं. त्याच वर्षी ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. सोबत होत्या अनुताई वाघ, लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या शिक्षिका.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली पोरं येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीवर, लोकांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, माती आली. मणी ओवणं, रंग ओळखणं, लहान-मोठं लावणं, सगळं त्यावरच. आधी लेकरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेलं. तिथली मुलं ढोरं चारायला जायची. म्हणून शाळा कुरणावर गेली, तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. ती विकासवाडी.

या सगळ्यात ताराबाईंचा भर बाईच्या तयारीवर होता. बालवाडी चालवणारीला शिकवता तर आलंच पाहिजे. पण घरोघरी जाऊन आयांशी बोलणं, जातीपातीच्या भिंती ओलांडून सगळ्या लेकरांना एकत्र बसवणं, जवळच्या वस्तूंतून साधनं करणं आणि थोडक्या पैशात काम भागवणं हेही जमायला हवं. हे सगळं नुसतं पुस्तक वाचून जमत नाही. ते चालत्या बालवाडीत, लेकरांत बसूनच शिकावं लागतं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळलं. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

आज अंगणवाडी ताईकडे पोषण आहार, वजनं, रजिस्टर, मोबाईलवरची माहिती, सर्वेक्षण असं सगळं आलं आहे. लेकरांना शिकवायला वेळ उरतो तो त्यातूनच. दुसरीकडे तालुक्याच्या गावात मॉन्टेसरीच्या पाट्या लागतात. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो, बाई तयार व्हायला वर्षं लागतात. ग्रामसभेत अंगणवाडीच्या खोलीचा आणि पत्र्यांचा विषय निघतो, तो निघालाच पाहिजे. सोबत आपल्या ताईला शिकवण्याचं प्रशिक्षण किती दिवस मिळालं आणि लेकरांसाठी किती वेळ उरतो, हेही गावाने विचारलं पाहिजे. ताराबाईंनी उभं आयुष्य त्याच कामात घालवलं.