विश्लेषण : ‘पॅटन’समोर जुने ‘शर्मन’ कसे टिकले? जनरल अरुणकुमार वैद्य यांची कारकीर्द आणि रणगाड्यांच्या निवडीचे गणित

जगातला सर्वांत भारी रणगाडा कोणता, याच्या याद्या मोबाइलवर सतत फिरत असतात. तोफ किती मिलिमीटरची, चिलखत किती जाड, वेग किती, असे आकडे शेजारी मांडले की उत्तर मिळाले असे वाटते. पण १९६५ मध्ये पंजाबच्या सीमेवर अशीच तुलना केली असती, तर एका मराठी अधिकाऱ्याची रेजिमेंट लढाईआधीच हरलेली दिसली असती. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य हे ते अधिकारी. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता, टी-७२ या रणगाड्यांच्या चार पिढ्या त्यांच्या कारकिर्दीत येऊन गेल्या.

अलिबागचा मुलगा चिलखती दलात

वैद्य यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबागचा. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले आणि चिलखती दलात दाखल झाले. स्वातंत्र्यानंतर भारताच्या वाट्याला आलेले रणगाडे बहुतेक महायुद्धातलेच होते. अमेरिकी बनावटीचा शर्मन त्यातला मुख्य. पुढे सरकारने ब्रिटनकडून सेंच्युरियन आणि फ्रान्सकडून हलके एएमएक्स-१३ घेतले. हातात पैसा बेताचा आणि कोणत्याही लष्करी गटात जायचे नाही हे धोरण. त्यामुळे जिथून जे परवडेल ते, अशी ही खरेदी होती.

पाकिस्तानचा मार्ग वेगळा होता. १९५४ मध्ये त्याने अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला. साम्यवादाविरोधातला साथीदार म्हणून त्याला पॅटन रणगाडे मदतीच्या रूपाने मिळाले. ९० मिलिमीटरची तोफ, जाड चिलखत, अंतर मोजण्याचे आधुनिक यंत्र. आकड्यांच्या तक्त्यात पॅटन शर्मनच्या कितीतरी पुढे होता. हे रणगाडे पाकिस्तानने गुण पारखून निवडले, असे मात्र म्हणता येत नाही. ते मैत्रीसोबत आले होते.

असल उत्तरला काय घडले?

सप्टेंबर १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल वैद्य ‘डेक्कन हॉर्स’ या रेजिमेंटचे प्रमुख होते आणि त्यांच्याकडे शर्मन होते. खेमकरण भागात पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन आत घुसली. चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी बचावफळी उभारली. तिच्या मदतीला रणगाड्यांच्या तीन रेजिमेंट होत्या. एकीकडे शर्मन, दुसरीकडे सेंच्युरियन, तिसरीकडे एएमएक्स. तीन देशांचे तीन रणगाडे म्हणजे तीन प्रकारचे गोळे आणि तीन प्रकारचे सुटे भाग. पुरवठा सांभाळणाऱ्यांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना करावी.

लढाईचा निकाल ठरवला तो जमिनीने. कालव्याचे पाणी सोडून शेते भिजवली गेली होती आणि ऊस माणसापेक्षा उंच होता. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगच्या काळ्या रानात वाफसा नसताना ट्रॅक्टर घातला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ४५ टनांपेक्षा जड पॅटन चिखलात अडकू लागले. दुसरी गोष्ट दृष्टीची. पॅटनचे अंतर मोजणारे यंत्र दूरवरच्या लक्ष्यासाठी उत्तम होते, पण ते वापरायला भरपूर सराव लागे. उसात समोरचे काही शे मीटरवर दिसत असेल, तर अशा यंत्राचा उपयोग काय? भारतीय रणगाडे उसाच्या आड थांबले, पॅटन जवळ येऊ दिले आणि बाजूने गोळे डागले. बाजूचे चिलखत समोरच्यापेक्षा पातळ असते, त्यामुळे जुनी तोफही तिथे काम करून जाते. जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद याच लढाईत धारातीर्थी पडले.

८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानची चढाई मोडली. भारतीय मोजणीनुसार शंभराच्या आसपास रणगाडे पाकिस्तानने गमावले. भिखीविंडजवळ ते रांगेने उभे केले गेले आणि त्या जागेला लोकांनी ‘पॅटन नगर’ म्हटले. वैद्य यांना महावीर चक्र मिळाले. पॅटन वाईट होता, असा अर्थ यातून काढू नये. तो युरोपातल्या मोकळ्या मैदानातील लढाई डोळ्यांपुढे ठेवून घडवला होता आणि लढला पंजाबच्या उसात.

युद्ध सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. मदतीवर उभ्या असलेल्या पाकिस्तानला त्याची झळ जास्त बसली आणि तो चिनी रणगाड्यांकडे वळला.

बसंतरचे सुरुंग

१९७१ मध्ये ब्रिगेडियर वैद्य १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. शकरगड भागात त्यांच्यापुढे पहिला अडथळा होता तो सुरुंगांचा. खोलवर पेरलेल्या पट्ट्यातून वाट काढत रणगाडे बसंतर नदीपार नेणे हे तोफेच्या ताकदीचे काम नव्हते. ते धीराचे आणि वेळेच्या हिशेबाचे होते. सुरुंग पूर्ण काढून होण्याआधीच ‘पूना हॉर्स’चे सेंच्युरियन पुढे घातले गेले. १६ डिसेंबरला तिथे पुन्हा पॅटनशी गाठ पडली. अरुण खेत्रपाल यांना याच दिवशी वीरमरण आले. वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र जाहीर झाले. हा मान फार थोड्यांना मिळाला आहे.

मग टी-७२ का?

दोन युद्धांनंतर दिल्लीत एक गोष्ट पक्की झाली. ऐन वेळी पुरवठा बंद करणारा विक्रेता नको आणि जमेल तितके देशात बनवायचे. ब्रिटिश विकर्स कंपनीच्या आराखड्यावरचा विजयंता चेन्नईजवळच्या आवडीत बनू लागलाच होता. सोव्हिएत संघ रुपयांत व्यवहार करत होता आणि उत्पादनाचा परवानाही देत होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टी-७२ आला. सुमारे ४१ टन वजन, १२५ मिलिमीटरची तोफ. गोळा भरायला यंत्र असल्याने आत तीनच माणसे, म्हणून उंची कमी. पाश्चात्त्य रणगाडे साठ टनांकडे सरकत असताना पंजाबातले पूल आणि रेल्वेच्या वाघिणी यांना हे वजन झेपणारे होते. याची किंमतही होती. गोळे माणसांच्या पायाखालीच रचलेले असतात. युक्रेनमध्ये टी-७२ चे टरेट उडाल्याची जी दृश्ये दिसली, त्यांचे मूळ या रचनेत आहे. हा रणगाडा दलात रुजत होता, त्याच काळात, ३१ जुलै १९८३ रोजी, वैद्य लष्करप्रमुख झाले. सेवाज्येष्ठतेत पुढे असलेले लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून ही नेमणूक झाल्याने तेव्हा वाद झाला होता.

एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनची मोहीम झाली, जिथे रणगाड्याचे कामच नव्हते. जूनमध्ये अमृतसरला ऑपरेशन ब्लू स्टार झाले. मैदानी युद्धासाठी घेतलेला विजयंता सुवर्णमंदिराच्या परिसरात नेला गेला आणि अकाल तख्तावर त्याच्या तोफेने मारा केला. यंत्र कशासाठी घेतले आणि कुठे वापरले गेले, यातले इतके अंतर असल उत्तरलाही नव्हते. त्याची जखम शीख समाजाच्या मनात खोल राहिली.

३१ जानेवारी १९८६ रोजी वैद्य निवृत्त झाले आणि पुण्यात स्थायिक झाले. त्यांना धमक्या येत होत्या. १० ऑगस्ट १९८६ रोजी ते पत्नीसह बाजारातून परतत होते, मोटार स्वतः चालवत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. साठ वर्षांच्या वैद्य यांचा मृत्यू झाला. हत्या करणाऱ्या दोघांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. वैद्य यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

टी-७२ आजही सेवेत आहे. २००१ पासून टी-९० ची भर पडली, देशी अर्जुन त्याच्या वजनामुळे मर्यादित संख्येत राहिला, तर लडाखच्या अनुभवानंतर २५ टनांचा ‘जोरावर’ तयार होतो आहे. सेंच्युरियन, पॅटन आणि विजयंता प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ते एकाच आवारात उभे आहेत.