स्वखुशीचा त्याग : नारायण वामन टिळक

हुंडीची मुदत भरल्यावांचून तिचा पैसा मागतां येत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. तसेंच दानपत्र टिकावयाचें तर दिलेली वस्तु देणाऱ्याच्या मालकीची असावी लागते व त्याची संमति मोकळी असावी लागते, हें कोर्टाची पायरी चढलेला प्रत्येक जण जाणतो. ख्रिस्ती धर्मांतील बलिदानाच्या कल्पनेंत या सर्व गोष्टी आहेत. आपली घटका भरेपर्यंत येशू शत्रूंच्या हातीं लागला नाहीं. ती भरल्यावर तो कोणाच्या जुलमानें नव्हे, तर आपखुशीनें क्रूसावर गेला, आणि त्यानें दिला तो स्वतःचाच प्राण, अशी त्या धर्माची श्रद्धा आहे. ही श्रद्धा मराठी संसारांत उतरली म्हणजे काय घडतें, हें पाहावयाचें असेल त्यानें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र पाहावें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन कुटुंबांत झाला. नाशकास त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. काव्य व वक्तृत्व यांत ते लवकरच नांवारूपास आले. परंतु देशाचा उद्धार कोणत्या धर्मानें होईल, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. त्यानें नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं ठेवली आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. टिळक वाचूं लागले ते डोंगरावरील प्रवचनापाशीं खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धाळू यास ईश्वरी योजना म्हणेल, चिकित्सक योगायोग म्हणेल. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं.

टिळकांनीं जात सोडली, आप्त गमावले, समाजांतील मान गमावला. हें सर्व त्यांचें स्वतःचें होतें व तें देण्यास ते मुखत्यार होते. परंतु त्याच दिवशीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचाही संसार मोडला. लहान मुलास घेऊन त्यांस माहेरच्या माणसांच्या आश्रयानें व परक्या गांवीं दिवस काढावे लागले. त्यांची संमति कोणीं घेतली होती? टिळकांविषयीं आम्हांस कितीही आदर असला, तरी या दानपत्रावर लक्ष्मीबाईंची सही नव्हती, हें लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

पुढें जें झालें त्यानेंच हें चरित्र मोठें ठरतें. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या; परंतु धर्माच्या बाबतींत त्यांजवर जबरदस्ती झाली नाहीं. सोंवळेंओंवळें व जातिभेद यांचा विचार त्यांनीं स्वतःच्या बुद्धीनें केला, आणि १९०० सालीं, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पांच वर्षांनीं, स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. जें आधीं लादलें गेलें होतें तें आतां त्यांनीं आपलें म्हणून पत्करलें. निराधार मुलांस घरांत घेऊन दोघांनीं तो संसार चालविला.

धर्मांतर म्हणजे देशत्याग, अशी समजूत त्या काळीं होती. टिळकांनीं ती खोटी पाडली. ख्रिस्ती मंदिरांत त्यांनीं अभंग, ओवी व कीर्तन आणलें; भक्तीची भाषा विलायती असावी, हें त्यांस मान्य नव्हतें. १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, मिशनचें वेतन सोडून ते साताऱ्यास गेले व तेथें देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस त्यांत जागा होती. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते वारले. येशूच्या चरित्रावरील त्यांचें ख्रिस्तायन हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. ज्यांस त्यांनींच अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनीं त्यास ६४ अध्यायांची जोड दिली. हा ग्रंथ १९३८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झाला.

छत्रपती संभाजीनगरांत मंदिरें, मशिदी व छावणींतील चर्च एकाच आकाशाखालीं उभीं आहेत, आणि त्याग तर सर्वच धर्मांत पूज्य आहे. परंतु आमच्या सुधारकांस व देशभक्तांस आमचा एक प्रश्न आहे : सभेंत आपण जो त्याग जाहीर करतां, त्याची किंमत घरीं कोण भरतें? नोकरी सोडणें असो, वा व्यापारांतील पुंजी सार्वजनिक कार्यांत घालणें असो. त्यांत बायकोमुलांचा वांटा असतो. त्यांस आधीं विचारावें. त्यांच्या मनाची मुदत भरली नसेल तर थांबावें, समजूत घालावी. आणि तोंवर जें निखालस आपलें आहे तेवढेंच द्यावें. दुसऱ्याची वस्तु परस्पर देवास वाहिल्यानें पुण्य लागत नाहीं.