डॉ. आनंदीबाई जोशी आणि बाळंतपणाच्या तारखेचं गणित

आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, एवढं आपण मुलांना सांगतो. पण तिथे त्यांनी प्रबंध कोणत्या विषयावर लिहिला, हे सांगायचं बहुधा राहून जातं. तो विषय होता प्रसूतिशास्त्र. त्यामागे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं दुःख होतं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. पण योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यानं बाळ दहाच दिवस जगलं. त्या काळी पुरुष डॉक्टरांकडे जायला बायका धजत नसत आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं.

१८८३ साली त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या. तिथे कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं. थंडी, परका आहार आणि ढासळती प्रकृती सोसत त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. प्रबंधात त्यांनी प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्राचा अभ्यास मांडला.

आता या शास्त्रातली अगदी पहिली पायरी पाहू. बाळ कधी येणार? सुश्रुतसंहितेत नवव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंतचा काळ सांगितला आहे. जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावानं ओळखली जाणारी रीत आजही वापरतात : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल, तर अंदाजे तारीख १७ मार्च. हे साधारण २८० दिवस होतात.

पंढरपूर परिसरात तारखेपेक्षा एकादशी पटकन आठवते. समजा, पाळी आषाढी एकादशीला आली होती. घरात बोटं मोजून नऊ महिने धरले, तर चैत्री एकादशी येते. पण पंचांगाचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे हे झाले २६६ दिवस. दोन आठवडे कमी पडले! खरी अंदाजे तारीख चैत्र वद्य एकादशीच्या आसपास येते. मध्ये अधिक मास आला, तर तोही मोजायचा.

लक्षात ठेवा, हा अंदाज आहे. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं थोडीच असतात. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जास्त खात्रीची. तरीही तारीख हवीच. कळा ३७ आठवड्यांच्या आत सुरू झाल्या किंवा दिवस भरून वर गेले, हे तिच्यावरूनच कळतं. म्हणून तर आशाताई पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणीचा आग्रह धरतात आणि कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहितात.

मायदेशी परतल्यावर आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून झाली होती. पण क्षयानं त्यांना काम करू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

चौदा वर्षांची मुलगी आज आपल्या आठवी-नववीच्या वर्गात बसते. तिचं जागेपण शाळेतच आहे. अठराच्या आत तिचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे पालकांना ठणकावून सांगा. आणि पाळीची तारीख लिहून ठेवायची सवय तिला आत्ताच लावा. गणिताच्या तासाला २८० दिवस पंचांगाच्या महिन्यांत बसवायला द्या, मुलग्यांनाही द्या. पुढे घरात बाळंतपण असेल, तेव्हा दवाखान्यात कधी पोचायचं हे त्यांनाही कळायला हवं.