कॉनराड वायझर : एका स्थलांतरिताचे दुभाषीपण

आपण परभाषा शिकतो ती बहुधा पुस्तकातून. कॉनराड वायझर यांना ती भूक आणि थंडी सोसत शिकावी लागली. जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात १६९६ साली त्यांचा जन्म झाला. १७०९ मध्ये आई वारली आणि वडील मुलांसह लंडनमार्गे १७१० मध्ये न्यूयॉर्क वसाहतीत पोहोचले. पुढे वडिलांनी सोळा वर्षांच्या कॉनराडला मोहॉक लोकांत राहावयास धाडले. केवळ काही महिन्यांच्या त्या वास्तव्यात मोहॉक भाषा आणि तिच्यातील सभाशिष्टाचार त्यांनी आत्मसात केले. भाषाभ्यासकाला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटावी.

१७२९ मध्ये ते पत्नी ॲना ईव्हासह पेनसिल्व्हेनियात टल्पेहॉकेन येथे शेती करू लागले. लवकरच वसाहत सरकार आणि इरोक्वाय संघ यांच्यातील प्रमुख दुभाषी झाले. १७४४ चा लँकेस्टर करार त्यांच्याच मध्यस्थीने घडला. मात्र इरोक्वायांशी सख्य राखण्याच्या या धोरणाची किंमत लेनापे लोकांनी आपली भूमी गमावून मोजली, हे आपण नजरेआड करू नये.

मध्यंतरी वायझर एफ्राटाच्या मठाकडे ओढले गेले. तेव्हा संसाराचा भार ॲना ईव्हावरच पडला असणार. चौदा अपत्यांपैकी सातच मोठी झाली. कन्या ॲना मारिया धर्मोपदेशक हेन्री म्यूलेनबर्ग यांची पत्नी झाली. तिचा पुत्र फ्रेडरिक १७८९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला. आजोबा १७६० मध्येच निवर्तले होते. त्यांचे दफन त्यांच्याच शेतात झाले.