कामगारांचा पहिला कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

माझं गाव कुंडल. शेजारी किर्लोस्करवाडी, त्यामुळे कारखाना म्हटलं की लहानपणापासून छाती फुगायची. पण सुट्टीत ट्रेनिंगला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि पॉवर प्रेसवर एका हेल्परचं बोट गेलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो हात बांधून खुर्चीत बसलेला. काम काही नाही, पण हजेरी लागलेली! का, ते मला नंतर समजलं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे जखमी माणूस ४८ तास काम करू शकला नाही तरच तो अपघात सरकारला कळवावा लागायचा. माणूस 'हजर' म्हणजे अपघात कागदावर नाही.

तेव्हा मला लोखंडे आठवले. ते १८४८ साली ठाण्यात जन्मले. शिक्षण बेताचंच. रेल्वेत, पोस्टात नोकरी केली, मग मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक सहकारी. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात अपघात कळवण्याची तरतूद होती, पण जखमी माणसाच्या पोटाचं काय, यावर कायदा गप्प. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या तर होत्याच. शिवाय जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा पांगळा झाल्यास उदरनिर्वाहाची सोय हवी, असंही त्यांनी मागितलं.

१० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. भरपाईसाठी मात्र १९२३ चा कायदा यावा लागला, मागणीनंतर तब्बल ३९ वर्षांनी. लोखंडे तोवर नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगमध्ये, रोग्यांची सेवा करता करता, ते गेले.

हॉस्टेलवर रविवारी आपण दहापर्यंत ताणून देतो, त्यामागे हा माणूस आहे. पण त्याचं दुसरं मागणं आपल्या हातात येणार आहे. उद्या आपल्यातलेच कोणी शॉपचे इंजिनियर होतील, अपघाताच्या रजिस्टरवर सही करतील. त्या दिवशी मी गप्प राहिलो, ते अजून सलतं. रजिस्टर कोरं दिसलं तर आधी खुर्चीत कोण बसलंय ते बघा, एवढंच सांगायचं होतं.