वाट नसलेल्या डोंगरावर सालिम अली

भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरलात, की अलिबागची एसटी पकडा. वाटेत डावीकडे कनकेश्वरचा डोंगर दिसेल. त्याला पायऱ्या आहेत. आपली आजची गोष्ट मात्र पायऱ्याच काय, पायवाटही नसलेले डोंगर चढणाऱ्या माणसाची आहे. त्यासाठी चोंढीला उतरून उजवीकडे, किहीमला वळायचं.

१९३० मध्ये सालिम अली इथे राहायला आले, ते सुट्टीसाठी नाही. हातात नोकरी नव्हती म्हणून! मुंबईच्या म्युझियममधून ते बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले आणि परतले तर त्यांची जागाच रद्द झालेली. वय ३३, घरी पत्नी तेहमिना, आणि खिशात विद्यापीठाची पदवी नाही. प्लेसमेंटची वाट बघणाऱ्या दोस्तांनो, ओळखीचं वाटतंय ना?

त्यांनी काय केलं? घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, ती रोज बघत बसले. आपण ज्याला सुगरणीचा खोपा म्हणतो, तो विणतो नर. अर्धवट खोपा मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच संसार, आणि मग नर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो! या निरीक्षणांनी त्यांचं नाव झालं.

मग त्यांनी संस्थानांना कळवलं, पगार नको, फक्त खर्च द्या, तुमच्याकडच्या पक्ष्यांची नोंद करून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन... तंबू, बैलगाडी, नाहीतर पायी. पक्षी काही वाट बघून बसत नाही. आवाज आला की झुडपातून चढायचं, थांबायचं, ऐकायचं, वहीत लिहायचं. सोबत तेहमिना असायच्या.

१९३९ मध्ये त्या गेल्या. सालिम अली कोलमडले, पण थांबले नाहीत. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. १९४५ मध्ये ते पक्षी बघत कैलास-मानसरोवरापर्यंत गेले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबत १० खंडांचा ग्रंथ केला. १९८७ मध्ये, नव्वदीत, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पावसाळ्यात रेवसकडे गेलात तर लोंबणारे खोपे शोधा. इअरफोन काढा. डोंगरावर आडवाटेला शिरायचं असेल तर एकटे नको, गावात सांगून जा. आणि हो, वही न्यायला विसरू नका!